डॉक्टर कोटणीसांचे चीनमधले बिऱ्हाड

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला परमुलूख नवा नाही. सावित्रीच्या खाडीतून बाणकोटकडे आणि तिथून मुंबईला गलबते जात, त्या दिवसांपासून हा प्रदेश माणसे बाहेर पाठवीत आला आहे. भात झोडून झाले, नाचणी-वरी घरात आली, की घरटी एकजण मुंबईची वाट धरायचा. कुणी गिरणीत, कुणी गोदीत. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याच्या नावाला तर ‘फौजी’ हा शब्द कायमचा चिकटला, इतकी त्या गावची मुले पहिल्या महायुद्धापासून सैन्यात गेली. त्यामुळे परमुलखी जाणे ही एक गोष्ट आणि परमुलखी राहणे ही अगदी दुसरी, हे इथल्या घरांना वेगळे सांगावे लागत नाही. जायला एका दिवसाचे धाडस पुरते. राहायला मात्र रोज उठून नव्याने शिकावे लागते. पाणी कुठे भरायचे, काय खायचे, कुणाशी कोणत्या भाषेत बोलायचे, आणि सणाच्या दिवशी एकट्याने काय करायचे? बहुतेक चाकरमानी अर्धेच राहतात. देह लालबागच्या खोलीत आणि जीव शिमग्याच्या पालखीपाशी.

डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्याविषयी बोलताना आपण नेमकी हीच गल्लत करतो. ते चीनला गेले आणि तिथे वारले, एवढे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, हेही ठाऊक आहे. पण जाणे आणि वारणे यांच्यामध्ये चार वर्षे तीन महिने होते. त्या काळात हा सोलापूरचा तरुण चीनमध्ये नुसता सेवा करीत नव्हता, तो तिथे राहत होता. तिथली भाषा बोलत होता, तिथले धान्य खात होता, तिथल्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत होता आणि शेवटी तिथे संसारही करीत होता. त्यांची कहाणी अमर झाली, पण त्यांचे बिऱ्हाड विस्मरणात गेले. आज थोडे त्या बिऱ्हाडाकडे पाहू.

परळहून निघालेले पाऊल

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वडील गिरणीत नोकरीला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ, आणि मुलाने डॉक्टर व्हावे यासाठी पोटाला चिमटा काढण्याची घराची तयारी. सोलापूर तेव्हा भोंग्यांवर उठणारे आणि भोंग्यांवर झोपणारे गाव होते. मे १९३० मध्ये याच गावाने मार्शल लॉ पाहिला. कोटणीस त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते. गावावर लष्कर चालून येते म्हणजे काय, हे त्या पिढीच्या सोलापूरकरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे ते मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. ज्या परळ-लालबागच्या चाळींत महाड-पोलादपूरचे चाकरमानी दाटीवाटीने राहत, त्यांच्या मधोमध हे महाविद्यालय आणि त्याला लागून केईएम रुग्णालय उभे आहे. गिरणीत हात सापडलेला, खोकून खोकून छाती झिजलेला कोकणी कामगार हा तिथल्या शिकाऊ डॉक्टरांचा रोजचा रोगी. परगावी राहणाऱ्या माणसाचे दुखणे कसे असते, त्याचा पहिला धडा कोटणीसांना तिथेच मिळाला असेल, तर नवल नाही. पदवी हातात आली होती. पुढच्या परीक्षेची तयारी चालू होती. सोलापूर किंवा मुंबईत दवाखाना आणि यथावकाश लग्न असा सरळ रस्ता समोर होता.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पाचजण मुंबईहून निघाले. जाणे एका वर्षाच्या बोलीचे होते. पारतंत्र्यातल्या एका देशाने, स्वतःच्या खेड्यांत डॉक्टर नसताना, दुसऱ्या संकटग्रस्त देशाकडे डॉक्टर पाठवावेत, ही गोष्ट त्या काळातही साधी नव्हती.

शहरामागून शहर

चीनमधला त्यांचा पहिला मुक्काम शहरांतच झाला, आणि ती शहरे एकामागून एक पडत होती. हाँगकाँगमार्गे ते कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला पोचले. तिथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. सप्टेंबर संपताना ते हांकौत, म्हणजे वुहानमध्ये होते. तिथल्या रुग्णालयात कामाला लागून महिनाही झाला नव्हता, तोच ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आधी कँटन आणि मागोमाग वुहान जपान्यांच्या हाती गेले. पथक यांगत्से नदीने वर यीछांगला आणि तिथून चुंगकिंगला सरकले.

अशा शहरात राहणे म्हणजे काय? नकाशावर गाव पाहून ठेवावे, दोन गल्ल्या ओळखीच्या व्हाव्यात, चहावाल्याचा चेहरा लक्षात राहू लागावा आणि तेवढ्यात सामान बांधावे. भोंगा वाजला की हातातले टाकून आडोशाला पळायचे आणि भोंगा थांबला की जखमींसाठी तेच हात धुऊन घ्यायचे. गिरणीचा भोंगा ऐकत वाढलेल्या माणसाला या भोंग्याचा अर्थ नव्याने शिकावा लागला. चुंगकिंग हे दोन नद्यांच्या संगमावर डोंगरउतारावर वसलेले, पायऱ्यापायऱ्यांचे शहर. हिवाळाभर तिथे दाट धुके असते. धुके असले की बाँबफेकी विमानांना खालचे दिसत नाही, म्हणून ज्या धुक्याला एरवी लोक कंटाळले असते, त्याचाच त्यांना आधार वाटे.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे त्यांना नवे नाव मिळाले. शांतिनिकेतनातल्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान तेव्हा तिथे होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर ठेवले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘को ति-हुआ’. परदेशी माणसाच्या नावाची मोडतोड सगळीकडेच होते. पण इथे यजमानांनी पाहुण्याच्या नावात आपल्या देशाचेच नाव घातले होते. पाहुण्याने ते पेलायचे होते.

दुसरी गोष्ट क्रूर होती. सोलापुरात वडील वारल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जा म्हणून सुचवले आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटले नसते. आपल्याकडे मुंबईतला चाकरमानीसुद्धा अशा तारेनंतर रात्रीच्या गाडीने निघतो. मागे आई होती, भावंडे होती, घराची ओढाताण होती. कोटणीस गेले नाहीत. या निर्णयाला त्याग म्हणून हार घालणे सोपे आहे. पण सोलापूरच्या त्या घराने त्याची किंमत दिली, हे विसरून चालणार नाही. परमुलखात पूर्ण राहायचे ठरवणारा माणूस घरी तेवढा कमी पडतो. हा हिशेब कोकणातल्या कितीतरी घरांना तोंडपाठ आहे.

राळ्याची पेज आणि चार सूर

जानेवारी १९३९ मध्ये चुंगकिंग सोडून, शिआनमार्गे ट्रकने प्रवास करीत, १२ फेब्रुवारीला पथक येनानला पोचले. माओ त्से-तुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे ठाणे. शहर म्हणावे तर जुन्या शहराचा बाँबफेकीने बराचसा ढिगारा झालेला. माणसे डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये राहत होती. महाडला शिरता-शिरता महामार्गावरून गंधारपाल्याची लेणी दिसतात. भिक्खूंसाठी काळ्या कातळात ती कोरली गेली, त्याला सुमारे दोन हजार वर्षे होत आली. येनानच्या गुहा कातळातल्या नाहीत. त्या पिवळ्या, मऊ मातीच्या कड्यांत कुदळीने खोदलेल्या. हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार. कचेरी, शाळा, रुग्णालय, बिऱ्हाड, सगळे गुहेत. एक अख्खे शहर लेण्यांत भरले आहे अशी कल्पना करावी, म्हणजे कोटणीसांचा नवा पत्ता डोळ्यासमोर येईल.

जेवणात भाताची सवय विसरावी लागली. उत्तर चीनचे गरिबांचे अन्न म्हणजे बारीक पिवळ्या दाण्याचे एक भरडधान्य. ते आपल्याला अपरिचित नाही, त्यालाच आपण राळे म्हणतो. पोलादपूरच्या डोंगरउतारावर वरी-नाचणीवर वाढलेल्या माणसाला त्या पेजेचे फारसे काही वाटले नसते. पण पोटाला ज्वारीच्या भाकरीची आणि मुंबईच्या खाणावळीची सवय, त्यात रोज तेच, ही परीक्षा लहान नसते. परदेशी डॉक्टरांसाठी जरा बरे जेवण, जास्त भत्ता अशी सोय यजमान आग्रहाने करीत. कोटणीसांनी अशा सवलती नाकारल्याचे त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. यात साधेपणाचा मोठेपणा आहेच. पण व्यवहारही आहे. ज्याच्या ताटात वेगळे पदार्थ, तो पंगतीत बसूनही पाहुणाच राहतो.

आणि मग भाषा. चिनी भाषेत एकच उच्चार चार वेगवेगळ्या सुरांत केला की चार वेगळे शब्द होतात. सूर चुकला की आई म्हणायला जावे आणि घोडा निघावा. लिपीत अक्षरे हजारोंनी. वर्षभरासाठी आलेल्या माणसाने दुभाष्यावर भागवले असते, आणि तसे भागतेही. पण रोग्याचे दुखणे दुभाष्याच्या तोंडून ऐकणाऱ्या डॉक्टरला अर्धेच ऐकू येते. कुठे दुखते, कसे दुखते, ठणकते की टोचते, यासाठी प्रत्येक भाषेत स्वतःचे शब्द असतात. महाडकडचा रोगी ‘कळ मारते’ म्हणतो तेव्हा शहरातल्या डॉक्टरला त्याचा अर्थ विचारावा लागतो, मग चीनची काय कथा! कोटणीस भाषेच्या मागे लागले. येनानजवळच्या आठव्या मार्ग सेनेच्या आदर्श रुग्णालयात दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात अक्षरे गिरवणे, असा क्रम सुरू झाला. दोन वर्षांत ते चिनी विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले होते.

१९३९ मध्येच प्रकृतीमुळे चोळकर आणि मुखर्जी मायदेशी परतले. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही; बोलल्याप्रमाणे ते आले होते आणि शरीर देईल तेवढे त्यांनी केले. नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. जपानी चौक्यांच्या रेषा रात्री ओलांडत, चालत आणि घोड्यावरून, ते थायहांग पर्वताच्या मुलखात पोचले. डिसेंबरअखेर त्यांची चू तेह यांच्याशी भेट झाली. ज्यांच्या पत्रामुळे हा सारा प्रवास सुरू झाला, तेच हे सेनानी. पुढे १९४० मध्ये अटलही प्रकृतीपायी परतले, बसूंना येनानला बोलावणे आले, आणि उत्तर चीनच्या त्या डोंगराळ भागात पाचांतले एकटे कोटणीस उरले. एक वर्षाची बोली केव्हाच संपली होती. इथून पुढे त्यांना कोणी पाठवलेले नव्हते. ते स्वतःहून राहिले होते.

डोंगरातले घर

शहरांकडून सुरू झालेला हा मुक्काम अखेर खेड्यात स्थिरावला. ह-पै प्रांतातल्या थांग तालुक्यातले क-कुंग नावाचे डोंगराळ गाव. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाला जाताना उतारावर चिकटलेल्या वाड्या दिसतात, तशीच तिथली वस्ती. दगडामातीची घरे, उतारावरची चिंचोळी शेते, बाजाराला जायचे तर डोंगर उतरायचा आणि पाहुणा आला तर त्याने चढायचा. घरात झोपायला मातीविटांचा मोठा ओटा असतो आणि चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवतात, म्हणजे रात्री पाठीला ऊब राहते. अंगात कापूस भरलेले सैनिकी कपडे. थंडी अशी, की महाबळेश्वरची थंडी तिच्यापुढे लेकुरवाळी वाटावी.

रुग्णालय म्हणून वेगळी इमारत नसे. जखमी सैनिक गावातल्या घरांत वाटून ठेवले जात, आणि शस्त्रक्रिया कुठल्याशा देवळात किंवा मोकळ्या केलेल्या खोलीत होई. शत्रूची वेढा-मोहीम आली, की रोगी, औषधे, विद्यार्थी आणि वह्या पाठीवर घेऊन साऱ्यांनी रात्रीत पुढचा डोंगर गाठायचा. चहूकडून नाकेबंदी असल्यामुळे औषधांची ददात. भूल देण्याचे औषध जपून, मलमपट्ट्या धुऊन-उकळून पुन्हा. कॅनडाचे प्रसिद्ध शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी याच मुलखात गावच्या कारागिरांकडून अवजारे बनवून घेत, खेचरांच्या पाठीवर शस्त्रक्रियागृह लादून, फिरत्या रुग्णालयाची पद्धत बसवली होती. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांची रिकामी जागा भरायची होती.

ऑगस्ट १९४० मध्ये ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ सुरू झाली. एका टप्प्यात तेरा दिवसांत आठशेच्या आसपास जखमी कोटणीसांच्या तुकडीकडे आले. झोप डुलक्यांपुरती. या दिवसांवर चित्रपट निघू शकतो, निघालाही. पण त्यांचे खरे मोठेपण मोहीम संपल्यानंतरच्या सकाळींत आहे असे वाटते. टाके काढायचे, पट्ट्या बदलायच्या, शेजारच्या घरातल्या म्हातारीचा खोकला पाहायचा, पोराच्या खरजेला औषध द्यायचे. सैनिक आणि गावकरी या सावळ्या डॉक्टरला प्रेमाने ‘काळी आई’ म्हणत. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन. चिनी शेतकऱ्याला आपला हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी ज्या मातीतून पोटाला मिळते तिचे मराठी नाव एका मराठी माणसाला चिनी भाषेत मिळावे, हा योगायोग मनाला लागून राहतो.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. जोडीला बेथ्यून यांच्याच नावाच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवणे होते. विद्यार्थी म्हणजे खेड्यांतली तरुण मुले. त्यांना परदेशी ग्रंथ वाचता येणार नव्हते आणि ते ग्रंथ तिथे नव्हतेही. तेव्हा कोटणीसांनी त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. पाहुणा कधी पाठ्यपुस्तक लिहीत नाही. आपण गेल्यानंतरही काम चालले पाहिजे, असे ज्याला वाटते तोच ते लिहायला बसतो. सामान्य शस्त्रक्रियेवरचा पहिला भाग त्यांनी पुरा केला आणि दुसरा हाती घेतला.

याच विद्यालयात कुओ छिंग-लान नावाच्या परिचर्येच्या शिक्षिका होत्या. जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची पहिली भेट झाली होती. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी लग्न केले. लग्नाला सोलापूरचे कोणी असणे शक्य नव्हते. मराठी घरातल्या मुलाचे लग्न, पण मुंडावळ्या नाहीत, अक्षता नाहीत. सहकारी, विद्यार्थी आणि गावकरी हेच वऱ्हाड. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. विभागाचे सेनानी न्ये रुंग-चेन यांनी त्याचे नाव ठेवले ‘यिन-हुआ’. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. बापाच्या नावात एकच देश होता, मुलाच्या नावात दोन्ही आले. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. मुंबईहून निघताना ते काँग्रेसने पाठवलेले एक डॉक्टर होते, कम्युनिस्ट नव्हते. हा बदल कुणाला पटो वा न पटो, तोही त्यांच्या तिथे राहण्याचाच भाग होता. ज्यांच्याबरोबर राळ्याची पेज खाल्ली, त्यांच्याच बाजूला ते उभे राहिले.

शरीर मात्र साथ देईनासे झाले होते. अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी इथून बाहेर जा, असा आग्रह वरिष्ठांनी केला. त्यांनी तो मानला नाही. डॉक्टर असल्यामुळे दुखण्याचे गांभीर्य त्यांना कळत नव्हते असे म्हणता येत नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे क-कुंग गावी त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अर्धवट टेबलावर.

मागे काय राहिले

माओ आणि चू तेह यांनी श्रद्धांजली लिहिली. गावाजवळ दफन झाले. पुढे १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शि-च्या-च्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आले. बेथ्यून यांचीही समाधी तिथेच आहे. इकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९४६ मध्ये शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आला. नायक स्वतः शांताराम, नायिका जयश्री. १९६२ च्या युद्धाने दोन्ही देशांत वैर आले. २०२० मध्ये गलवानला पुन्हा रक्त सांडले. पण या एका नावाविषयीचा आदर दोन्हीकडे कधी पुसला गेला नाही. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. सोलापुरात त्यांच्या जुन्या घराचे स्मारक झाले आहे.

चित्रपट मात्र जिथे संपतो, तिथे संसार संपत नाही. यिन-हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आत वारला. बापासारखा डॉक्टर होता-होता राहिला. कुओ छिंग-लान यांनी नवरा आणि मुलगा दोघांच्या आठवणी सांभाळत दीर्घ आयुष्य काढले. त्या भारतातही येऊन गेल्या. कोटणीसांच्या घरच्यांनी त्यांना सून म्हणूनच वागवले. जून २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सोलापूरच्या त्या बिऱ्हाडाचा चीनमधला शेवटचा दिवा तेव्हा विझला.

आता हे सारे महाड-पोलादपूरच्या वाचकाने का वाचावे? कारण हा प्रदेशही मदतीला आलेल्यांना चांगला ओळखतो. २२ जुलै २०२१ च्या पावसात महाड पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळीयेवर, पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड कोसळली. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून डॉक्टर आले, पथके आली, औषधांचे खोके आले. त्या उपकारांची जाण इथल्या लोकांना आहे. पण पथके परत जातात, जायचीच असतात. त्यानंतर डोंगरावरच्या वाडीत बाळंतीण अडते, कुणाला पानात हात घालताना विंचू डसतो, आणि रोग्याला डोलीत घालून खालच्या रस्त्यापर्यंत चालत आणावे लागते. रिक्त पदांच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. नेमणूक होते, डॉक्टर रुजू होतात आणि बदलीची वाट पाहतात. त्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. मुलांच्या शाळेचा, राहत्या घराचा, एकटेपणाचा प्रश्न त्यांच्यापुढे खराच असतो.

तरीही राहणारी माणसे निघतात आणि त्यांनी काय घडवता येते, याचे उदाहरण शोधायला चीनला जावे लागत नाही. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने इथली माणसे, विशेषतः मुले, डॉक्टरच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून रात्ररात्र निरीक्षणे नोंदवली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरले, आणि हे काम ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य नियतकालिकात पोचवले. मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. विंचू इथे होता, रोगी इथे होते. इथे राहून, इथल्यांकडून शिकणारा डॉक्टर तेवढा हवा होता. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोटणीसांच्या आयुष्याचा पुतळा करून चौकात बसवला, की आपले काम संपते. तसे न करता ते रोजच्या दिनक्रमासारखे वाचावे. नवे नाव घेणे, परके धान्य पोटाला लावून घेणे, चुकत-माकत भाषा शिकणे, आणि आपल्यामागून येणाऱ्यांसाठी पुस्तक लिहून ठेवणे. यातली कोणतीच गोष्ट करायला युद्ध लागत नाही, बोट लागत नाही. डोंगरातल्या गावात राहायला आलेल्या डॉक्टरला, शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला यातले पुष्कळसे करता येईल. आणि गावालाही एक करता येईल. आलेल्या माणसाला बदलीच्या हुकमापर्यंतचा पाहुणा न समजता त्याचे बिऱ्हाड नीट लागेल, हे पाहता येईल. क-कुंगच्या शेतकऱ्यांनी स्वतः अर्धपोटी असताना सोलापूरच्या एका मुलासाठी तेवढे केले होते.